खालच्या दोन ओळी

दरवाजा उघडा असेल तर हे मशीन हलत नाही, असं मशीनसोबत आलेल्या पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे. आमचं हलायचं. दरवाजाच्या कडेला एक चपटी लोखंडी जीभ असते, दार बंद झालं की ती खाचेत जाऊन बसते आणि मशीनला कळतं की आत कुणाचा हात नाही. भंगारात गेलेल्या एका जुन्या मशीनची तशीच जीभ काढून आम्ही दोरीला बांधली होती. ती खाचेत खुपसली की दार सताड उघडं असलं तरी मशीन बिचारं समजायचं, झालं बंद. ही गोष्ट कारखान्यात सगळ्यांना माहीत होती आणि कुणालाच माहीत नव्हती. ज्याला विचाराल तो छताकडे बघायचा.

ती दोरी मामाच्या खिशात असायची. मामा म्हणजे माझा सख्खा मामा, आईचा भाऊ. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते, तेव्हापासून मामा-मामीकडे वाढले. मामा कारखान्यात सेटर होता. नवीन काम आलं की कुठलं टूल कुठे लावायचं, कुठून सुरुवात करायची, हे मशीनला शिकवणारा माणूस म्हणजे सेटर. अठ्ठावीस वर्षं एकाच खात्यात. पुढे मीही त्याच खात्यात ऑपरेटर म्हणून लागले, तेव्हा मामी म्हणाली, "घरात एकाच्या कपड्यांना तेलाचा वास येत होता तो पुरत नव्हता वाटतं."

घरी मी त्याला 'अरे मामा' म्हणायचे. कारखान्यात चारचौघांत 'मामा, तुम्ही'. तो मला दोन्हीकडे 'घाईबाई' म्हणायचा, कारण लहानपणी मी बूट घालायच्या आधी घराबाहेर पडायचे. मला त्या नावाचा राग यायचा. आता येत नाही. आता ते ऐकलं की मी असेन तिथे थांबते.

आमच्या मशीनवर टूलची लांबी आपोआप मोजणारा हात होता, तो मोडून दोन वर्षं झाली होती. नवा येणार येणार म्हणत आला नाही. म्हणून मामा जुन्या पद्धतीने मोजायचा. एकाने दारातून वाकून जॉबवर, म्हणजे कापायच्या लोखंडावर, कागदाची पट्टी धरायची. दुसऱ्याने पॅनलवर उभं राहून टूल हळूहळू खाली आणायचं. धरणाऱ्याने कागद मागेपुढे ओढत राहायचं. कागद अडला की टूल टेकलं. दिसायला खेळ वाटतो. पण पॅनल दाराच्या उजव्या बाजूला, आणि आत वाकलेल्या माणसाला तिथलं काही दिसत नाही. आत वाकलेल्याला फक्त आपला हात दिसतो आणि हातावर टांगलेला टरेट, म्हणजे टूलं बसवलेला पिंपाएवढा लोखंडी गोळा.

म्हणून मामाचा एक नियम होता. बटण आधी तोंडाने दाबायचं, मग बोटाने. "एक्स प्लस," असं तो मोठ्याने म्हणायचा, म्हणजे टरेट वर नेतोय, आणि थांबायचा. आतल्याने "हो" म्हणायचं. हो म्हणजे ऐकलं असं नाही. हो म्हणजे हात बाहेर काढलाय. कागद धरलेला हात आत राहायचा तो फक्त पॅनलच्या छोट्या चाकाने काम चालू असताना, कारण चाकाने टरेट एकेका टिकेने, म्हणजे बारीक खटक्याने, सरकतो. बटणावर हलवायचं तर हात बाहेर. बाकीचे सेटर हसायचे, "मामांचं मशीनशी लग्न लागतंय, मंगलाष्टकं चालू आहेत." मामा त्यांना दोन्ही हातांची दहा बोटं उघडून दाखवायचा.

आता ते सांगते जे मी चार महिने कुणाला सांगितलं नव्हतं.

मामाला दिसत नव्हतं. पूर्ण आंधळा नव्हे. समोर बघितलं की मधलं पुसलेलं, कडेचं दिसायचं. जॉबचं चित्र वाचताना तो कोंबडीसारखी मान वाकडी करायला लागला तेव्हा मला पहिली शंका आली. मग तो "वाच बघू, घाईबाई, किती आलं?" असं वारंवार विचारायला लागला, जणू माझी परीक्षा घेतोय. एक दिवस मी नीचपणा केला. चित्र फळीवर मुद्दाम उलटं लावलं. मामा समोर उभा राहिला, मान तिरकी केली, चष्मा पुसला, आणि म्हणाला, "ठीक आहे, चालू कर." मी हात धुवायच्या खोलीत जाऊन नळ सोडून रडले आणि परत येऊन चित्र सुलटं लावलं.

तरी त्याचं काम चुकत नव्हतं. पॅनल त्याच्या बोटांत होतं. जुन्या पॅनलची रबरी बटणं झिजून प्रत्येकाला आपापला खड्डा पडला होता, आणि दोन-तीन बटणांवर त्याने गोंदाचे बारीक थेंब वाळवून ठेवले होते, ते मला नंतर सापडले. माझी जबाबदारी होती सांगायची. सुपरवायझरला नाही तर निदान मामीला. पण मला दिसायचं की सांगितलं की दुसऱ्या दिवशी मामा घरी बसणार, खिडकीजवळ, आणि खिडकीतलंही त्याला दिसणार नाही. म्हणून मी गप्प राहिले. मीच डोळ्यांत तेल घालून बघीन, त्याच्याऐवजी मीच वाचत जाईन, असं मनाशी ठरवलं. केवढा तोरा होता मला त्या ठरवण्याचा.

मग पॅनल बदललं.

जुन्याचं सुरू करायचं बटण अडकायला लागलं होतं. बाहेरून एक तंत्रज्ञ आला, त्याने सकाळी दोन तासांत नवं पॅनल बसवलं, मशीन थोडं वर-खाली चालवून बघितलं, कागदावर सही घेतली आणि गेला. नवं पॅनल काचेसारखं गुळगुळीत होतं. ना उंचवटा, ना खड्डा. प्रत्येक बटणाच्या कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढा दिवा. मामाने त्यावरून तळहात फिरवला. त्याचा चेहरा एखाद्या अनोळखी घरात झोपेतून जागं झालेल्या माणसासारखा दिसत होता.

पण आवाज नेहमीचाच. "घाईबाई, इकडे ये. नवीन पॅनल आहे. एकेक ओळ मोठ्याने वाचून दाखव. तुझी परीक्षा."

मला कळत होतं ही कुणाची परीक्षा आहे. मी वाचायला लागले. पाच ओळी होत्या. पहिली ओळ कामाच्या पद्धतीची: बदल, आपोआप, हाताने लिहिणं, चौथं चाक, पाचवं बटणाने सरकवणं. मामाचं बोट माझ्या आवाजामागून एकेका बटणावर टेकत होतं, ओठ हलत होते. दुसरी ओळ. तिसरी ओळ. तेवढ्यात मागून सुपरवायझरची हाक आली. "पहिला जॉब दोनपर्यंत हवाय हं! गाडी थांबलीय त्याच्यासाठी. झालं की नाही तुमचं?"

"झालंच!" मी मान वळवून ओरडले. आणि मान तशीच ठेवून, सुपरवायझरकडे बघत, खालच्या दोन ओळी घडाघडा म्हणून टाकल्या. "चौथी ओळ, चाकासाठी एक्स आणि झेड, मग टिकेचं माप एक, दहा, शंभर. पाचवी, सरकवायचं, डावीकडे एक्स प्लस, मग एक्स मायनस, मग झेड." जुन्या पॅनलवर तसंच होतं. पाच वर्षं तेच दाबत आले होते, पोपटालाही पाठ झालं असतं.

मामाने डोळे मिटून शेवटच्या ओळीवरून दोनदा बोट फिरवलं. "डावीकडे एक्स प्लस," तो पुटपुटला. "पाठ झालं."

जेवणाची घंटा झाली. सगळे डबे घेऊन पलीकडच्या खोलीत गेले. आम्ही दोन वाजताच्या कामासाठी थांबलो. आजूबाजूची मशीनं बंद, फक्त हवेचा दाब भरणारा कॉम्प्रेसर घरघरत होता. तो चालू असला की पलीकडच्या खोलीत ओरडलेलंही ऐकू जात नाही.

मी जॉब घट्ट बसवला. मामाने खिशातून दोरी काढून जीभ खाचेत घातली. मी दारातून आत वाकले, डावा हात मशीनच्या कडेवर टेकवला, उजव्या हाताने कागदाची पट्टी जॉबवर धरली. तंत्रज्ञाने टरेट फारच खाली आणून सोडला होता. टूल आणि जॉब यांच्यामध्ये जेमतेम हाताच्या पंजाच्या जाडीएवढी जागा होती, बोटं वळवायलाही जमेना.

"मामा, थोडं वर घ्या. फार जवळ आहे."

"एक्स प्लस," मामा म्हणाला आणि थांबला.

मी हात बाहेर काढायला हवा होता. पण टरेट वर तर जाणार होता. वर जाणाऱ्या लोखंडाला कोण घाबरतं? मघाशी नीट बसवलेली पट्टी पुन्हा कोण बसवत बसणार?

"हो," मी म्हणाले.

टरेट खाली आला.

टूलचं टोक जॉबच्या कडेबाहेरून खाली गेलं, आणि टूल धरणाऱ्या ठोकळ्याचं सपाट लोखंड माझ्या तीन बोटांवर येऊन बसलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर मी हात खेचला असता. ते शांतपणे आलं, जसं कुणी जड पेटी खाली ठेवावी तसं, आणि ठेवतच राहिलं. मी काय ओरडले मला आठवत नाही. मामाने बोट उचललं, टरेट थांबला, आणि माझी बोटं आत होती.

"काय झालं? घाईबाई, काय झालं?"

"बोटं! बोटं अडकली! खाली आला!"

दुखत होतं का? दुखत होतं, पण त्याहून भीती मोठी होती. तिने दुखणं सुद्धा झाकून टाकलं होतं. मला माझी बोटं दिसत नव्हती, बोटांच्या जागी लोखंड दिसत होतं. आणि तेवढ्यात मी मान मागे ताणली तेव्हा डोळ्यांच्या कडेने मला पॅनलचा फक्त एक कोपरा आणि मामाचा तळहात दिसला. तो पॅनलच्या कोपऱ्यातल्या मोठ्या लाल बटणावर गेला होता. ते एकच बटण उंच होतं, भोवऱ्याएवढं, आंधळ्यालाही सापडेल असं.

"दाबू नको!" मी किंचाळले. "मामा, तू ते दाबू नको!"

जगातला कुठलाही माणूस अशा वेळी लाल बटण दाबा म्हणेल. पण आमच्या मशीनचा टरेट तिरक्या उतारावर बसवलेला आहे. लाल बटण दाबलं की मोटरची पकड सुटते, ब्रेक लागतो, आणि ब्रेक लागेपर्यंतच्या क्षणात टरेट स्वतःच्या वजनाने थोडा खाली घसरतो. किती घसरतो ते मामानेच गेल्या वर्षी मोजलं होतं. अर्धा मिलिमीटर. कोऱ्या जॉबला त्याने काही होत नाही.

मामाचा हात लाल बटणावरून हलकेच वर आला. "नाही दाबत," तो म्हणाला. "नाही दाबत, बाळ. हलू नकोस."

मग आम्ही दोघांनी एकदमच ते ऐकलं. कॉम्प्रेसरच्या घरघरीखाली एक बारीक, चिडका गुणगुणाट. मोटर अजून ढकलत होती. तिला माझ्या बोटांच्या पलीकडे जायचं होतं आणि जाता येत नव्हतं. असं जोर लावून उभं राहिलं की मशीन थोडा वेळ सोसतं, मग आपणहून मोटर बंद करतं. मोटर बंद म्हणजे पुन्हा तेच. पकड सुटणार, टरेट घसरणार.

"किती वेळ आहे?" मी विचारलं.

"असेल मिनिटभर. जास्तही असेल." त्याचा आवाज कापत होता. मामाचा आवाज कापताना मी तोवर कधी ऐकला नव्हता, आई गेली तेव्हाही नाही. "मी पळत जाऊन कुणाला आणतो."

"नको! मला सोडून जाऊ नको!"

"बरं. नाही जात. म्हणजे डावीकडचं मायनस निघालं. तर त्याच्या शेजारचं प्लस असणार. ते दाबतो. एक्स प्लस, डावीकडून दुसरं." आणि तो थांबला. बोटं अडकलेली, मोटर गुणगुणतेय, आणि तो माझ्या 'हो'साठी थांबला.

शेजारचं प्लस असणार. असेल. किंवा शेजारी झेड असेल. झेड असलं तर टरेट आडवा सरकेल आणि माझी बोटं त्याच्याखालून लाटण्याखालच्या पिठासारखी निघतील. मी मनातल्या मनात पॅनल बघायचा प्रयत्न केला. वरच्या तीन ओळी स्पष्ट दिसल्या. खालच्या दोन ओळींच्या जागी सुपरवायझरचा चेहरा दिसला.

"नाही! थांब! शेजारी काय आहे मला माहीत नाही. मामा, खालच्या दोन ओळी मी बघून नाही वाचल्या. मी पाठ म्हणून दाखवल्या."

"थांब, मी बघतो," मामा म्हणाला. मला त्याच्या बुटांचा आवाज आला, तो वाकत असणार, मान वाकडी करत असणार, डावीकडून, उजवीकडून. काचेवर त्याचा श्वास ऐकू येईल इतका तो जवळ गेला असणार.

"मला दिसत नाही ग," मामा म्हणाला. "अक्षरं दिसत नाहीत मला."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"मामा, आत्ता नको. आत्ता ऐक. पहिली ओळ मी बघून वाचलीय. डावीकडून चौथं, चाक. ते दाब."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणाले, पण सकाळपासून नक्की हा शब्द मी फार स्वस्त करून ठेवला होता.

"चाक, वरची ओळ, डावीकडून चौथं." थांबला.

"हो."

"दिवा लागला. तिरकं बघितलं की दिवे दिसतात."

"मग आता छोटं चाक धर. उजवीकडे फिरवलं की प्लस. ते तरी सगळीकडे तसंच असतं ना रे?"

"तसंच असतं." चाकावर हात पडल्यावर त्याचा आवाज जरा जागेवर आला. चाकाला अक्षरं लागत नाहीत, त्याला टिका असतात, आणि टिका बोटांना कळतात. "उजवीकडे. एक टीक."

आता मला 'हो' म्हणायचं होतं. म्हणता येईना. एक टीक म्हणजे किती, ते मापही त्या खालच्या ओळीत होतं, मी न बघितलेल्या. केसाच्या शंभराव्या भागाएवढी असेल, नखाएवढी जाड असेल. आणि मी म्हणेपर्यंत हा माणूस चाक फिरवणार नव्हता, हेही मला माहीत होतं.

"हो म्हण, बाळ."

"हो."

टीक.

कातडी आडवी ओढली गेली. नखाच्या मुळातून कळ खांद्यापर्यंत गेली. "झेड आहे! झेड! आडवं जातंय!"

"डावीकडे, एक टीक, परत जागेवर," तो म्हणाला, आणि यावेळी 'हो'ची वाट न बघता फिरवलं. ओढ थांबली. "तंत्रज्ञ झेडवर सोडून गेलाय. आता खालून दुसरी ओळ. तिथे दोन दिवे लागलेत. एक डावीकडून दुसऱ्या बटणावर, एक लांब उजवीकडे."

चाकासाठी एक्स आणि झेड. मी म्हटलं होतं पाठ, पण झेडचा दिवा दुसऱ्यावर असेल तर निदान एवढं बरोबर होतं. "डावीकडून पहिलं दाब. ते एक्स असेल."

"असेल की आहे?"

"असेल," मी म्हणाले आणि रडायला लागले. "मामा, असेल. मला माहीत नाही. चाकावर असताना ते दाबून काही हलत नाही, फक्त दिवा बदलतो. दाब."

"डावीकडून पहिलं." थांबला.

"हो!"

"दिवा सरकला." आणि मग अगदी हळू, "वर काहीतरी लाल लुकलुकायला लागलंय."

त्याचा अर्थ दोघांनाही कळला. मोटर थकली होती. गुणगुणाट वाढून डास कानाशी आल्यासारखा झाला होता. मी बोटांना मनातल्या मनात निरोप दिला. खरंच दिला. आधी करंगळीशेजारचं, मग मधलं, मग पहिलं. या हाताने मी भाजी चिरते, केस विंचरते, मामीच्या पाठीला मलम लावते, असलं काहीतरी भराभर डोक्यात येऊन गेलं.

"चाक, उजवीकडे, एक."

"हो."

टीक. काहीच नाही.

"दोन." "हो." टीक.

"तीन." "हो."

"चार."

"सैल होतंय," मी म्हणाले. माझा विश्वास बसेना. "मामा, सैल होतंय! वर जातंय!"

त्याने घाई केली नाही. दुसरा कुणी असता तर त्याने गरागरा चाक फिरवलं असतं. मामा मोजत गेला. पाच, सहा, सात, प्रत्येक आकड्यापाशी थांबत, लहानपणी मला जिना चढायला शिकवताना पायऱ्या मोजायचा तसा. अकराव्या टिकेला मोटरचा गुणगुणाट थांबला. पंचविसाव्याला माझी बोटं माझी झाली. मी हात बाहेर ओढला आणि मशीनच्या पायाशी तेलात बसकण मारली.

पहिल्या बोटाचं नख नव्हतं. मधलं बोट टोकाशी वाकडं झालं होतं. तिसरं निळं. पण तिन्ही होती.

मग मामाने लाल बटण दाबलं. वरून खट्ट आवाज आला, टरेट अर्धा मिलिमीटर घसरला. खाली आता फक्त कागदाची पट्टी होती.

त्याने जाऊन जेवणाच्या खोलीचं दार बडवलं, माणसं धावत आली. सुपरवायझर पांढराफटक. "कसं झालं? कुणी काय दाबलं?"

"मी दाबलं," मामा म्हणाला. "चुकीचं बटण. मला दिसत नाही, सहा-सात महिने झाले. लिहून घ्या." त्याने खाचेतली जीभ ओढून काढली आणि दोरीसकट सुपरवायझरच्या हातात ठेवली. सगळे पुन्हा छताकडे बघायला लागले.

मी तोंड उघडलं. बटण त्याने चुकीचं दाबलं नव्हतं. मी सांगितलं तेच, सांगितलं तिथेच दाबलं होतं. हात बाहेर आहे असंही मीच सांगितलं होतं. पण मामाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, "घाईबाई, गप्प," म्हणाला, आणि मी गप्प बसले. मला तेव्हा गप्प बसावंसंच वाटत होतं, हे मी लपवणार नाही.

दवाखान्यात जाताना गाडीत मागच्या सीटवर आम्ही दोघंच होतो. माझा हात फडक्यात गुंडाळून त्याच्या मांडीवर. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. मग विचारलं, "केव्हापासून माहीत होतं तुला?"

"चार महिने."

त्याने मान हलवली. रागावला नव्हता. जॉबचं माप चुकलं की विचारतो तेवढ्याच शांतपणे त्याने विचारलं, "मला दिसत नाही हे माहीत होतं, आणि तरी तू न बघता वाचलंस?"

'सुपरवायझरने हाक मारली' हे उत्तर होत नाही.

चौथ्या दिवशी डाव्या हाताने वेडंवाकडं लिहून मी सुपरवायझरला सगळं लेखी दिलं. बटणाचं, ओळींचं, माझ्या 'हो'चं. त्याने वाचलं, घडी घातली, म्हणाला, "बरं झालं दिलंस. पण डोळे तर डोळेच ना." ते खरंच होतं. मामा परत कामावर गेला नाही. मी दोन महिन्यांनी गेले. मधलं बोट अजून पूर्ण वळत नाही.

आता सकाळी कामावर निघण्याआधी मामाच्या गोळ्या काढून देणं माझ्याकडे आहे. मामी म्हणते मी देते, तिलाही चष्मा आहे, मी देऊ देत नाही. दोन पाकिटं आहेत, दोन्ही पांढरी, दोन्हीतल्या गोळ्या पांढऱ्या. एक रोज सकाळी घ्यायची, दुसरी आठवड्यातून एकदाच, रोज घेतली तर विष.

काल मला उशीर झाला होता. बूट घालतच मी पाकीट उचललं, गोळी काढली, "सकाळची" म्हणाले आणि त्याच्यापुढे धरली. मामाने लगेच तळहात पसरला. थांबला नाही, मान वाकडी केली नाही, काही विचारलं नाही. गोळी घेतली आणि तोंडाकडे नेली.

"थांब!" मी ओरडले.

त्याचा हात हवेतच थांबला. मी पाकीट उजेडात नेलं, नावाखाली बोट ठेवलं आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. सकाळचीच होती. मी परत पहिल्यापासून वाचलं.

"हो?" मामाने विचारलं, हात तसाच धरून.

"हो," मी म्हणाले.